दोन स्टेशनांच्या मधले हिवाळे सर

हिवाळे सरांचा ट्रान्झिस्टर बिघडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी तो फुकट दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांनी सर स्वतःच दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहेत असा निकाल दिला होता.

कॉलेजसमोर रहीमचाचांचं हॉटेल. तिथं सकाळी एका ठरलेल्या बाकावर सर बसायचे. पुढ्यात चहा, चहाशेजारी कातडी वेष्टनातला ट्रान्झिस्टर, आणि त्याचा काटा नेमका दोन स्टेशनांच्या मधे. त्यातून जी खरखर यायची ती हे गृहस्थ, दुसरा कोणी नाट्यगीत ऐकेल तशा तल्लीनतेनं ऐकत. मधूनच मान डोलवत.

रहीमचाचांच्या कानांना ते सोसत नसे. "सर, जरासा काटा हलवा ना. इकडून मस्त गाना लागते."

"गाणं कायले, चाचा? तिथं माणसं बोलून राह्यली."

"मग इथं कोण हाये?"

"इथं कोणी नाई. म्हणून तं ऐकून राह्यलो."

आणि मग अचानक त्यांचं बोट वर व्हायचं. "डॉक्टर निघाले." आम्ही रस्त्याकडे बघायचो. रस्ता रिकामा. ट्रान्झिस्टरमधून मात्र खरखरीच्या अंगावर तडतड, तडतड, लाह्या फुटाव्यात तशी. घोटभर चहा पिऊन होईतो वळणावरून डॉक्टरांची फटफटी खरंच यायची. कोणत्याही पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी उडते आणि ठिणगी उडाली की रेडिओला ती कळते, एवढंच त्यातलं शास्त्र. पण गावात दबदबा झाला. एकदा त्यांचं चुकलं. "वकिलाची गाडी," असं जाहीर करून बसले आणि वकील काही येईनात. बऱ्याच वेळानं लांब मोताळ्याच्या बाजूला आभाळ गडगडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जराही न ओशाळता म्हणाले, "वीज पण ठिणगीच हाये, मराठीवाले. फक्त तिले नंबरप्लेट नाई."

मराठीवाले म्हणजे मी. मी त्या कॉलेजात मराठी शिकवायचो. सर कोणालाच नावानं हाक मारत नसत. इतिहासवाले, गणितवाले, आणि प्राचार्यांना तोंडावर "कॉलेजवाले". स्वतः ते पदार्थविज्ञान शिकवायचे.

नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्यात नवी कॉलेजं निघत होती आणि त्यांना प्राध्यापक मिळत नव्हते. अशा वेळी हॉलंडमध्ये संशोधन करून आलेला माणूस, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातला, स्वतःहून नोकरी मागायला आला, तेव्हा संस्थाचालकांना प्रथम संशय आला आणि मग अभिमान. काळासावळा, उंच, वाकलेल्या खांद्यांचा माणूस. भर मे महिन्यातही पायात लोकरी मोजे. हॉलंडहून त्यांनी आणलं काय, तर दोन लोखंडी ट्रंका, एक मफलर, हे मोजे आणि दिवेलागणीनंतर लगेच झोपण्याची सवय. बोली मात्र इथून गेली तशीच परत आली होती. वर्गात, सभेत, विद्यापीठाच्या साहेबांसमोर, सगळीकडे तीच. मी बीबी गावचा, आमच्याकडची भाषा मराठवाड्याकडे कललेली आणि पुण्यात शिकल्यामुळे वरून इस्त्री केलेली. ते मला म्हणायचे, "तुमचं बोलणं कसं, पावण्याच्या घरी जेवल्यासारखं. पोट भरते, पण ढेकर देता येत नाई."

आता त्या झोपेची गोष्ट. तारकांचा अभ्यास केलेला माणूस कॉलेजात आला आहे, तेव्हा प्राचार्यांनी संस्थेच्या चालकांसाठी गच्चीवर एक संध्याकाळ ठरवली. चालक सहकुटुंब आले. सतरंज्या, पोहे, चहा. सूर्य बुडाला, चांदण्या फुटू लागल्या. अध्यक्षांच्या पत्नीनं कौतुकानं विचारलं, "सर, सप्तर्षी कुठले हो?"

सरांनी आभाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाई, मले नाई ओळखू येत."

प्राचार्यांनी घाईघाईनं पोह्यांची बशी पुढे केली.

"मी तारे पाहत नाई," सर समजावू लागले. "ताऱ्यायच्या मधात जे काई नाई असं वाटते ना, ते पाहतो. अन् ते दिवसाच पाहतो. रात्री मी झोपतो." आणि पोहे संपवून ते खरोखरच झोपायला निघून गेले. अध्यक्षांनी पुढे अनेक महिने प्राचार्यांना विचारलं की त्या माणसाची प्रमाणपत्रं कोणी तपासली होती का.

माझ्यातला चौकस माणूस तिथं जागा झाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं आणि त्यांनी मला सगळं समजावलं. त्यांची समजावण्याची एकच खूण होती: उजव्या हाताची वीत ताणून दाखवायची. आभाळात जिथं काही दिसत नाही तिथं हायड्रोजन वायू भरलेला आहे. थंड, काळा, मुका. पण त्यातला एखादा अणू लाखो वर्षं गप्प बसून मग एकदाच कूस बदलतो, आणि कूस बदलताना एक बारीकशी लाट सोडतो. तिची लांबी एकवीस सेंटिमीटर. "म्हणजे एवढी," असं म्हणून वीत. "वीतभर लाट. डोळ्याले दिसत नाई, रेडिओले ऐकू येते. सूर्य असो, नसो, तिले फरक पडत नाई. मग मी कायले रातभर जागू?"

"पण लाखो वर्षांतून एकदा म्हणजे..."

"एका अणूची गोष्ट सांगून राह्यलो. अणू किती हायेत? मोठ्या खटल्याचं घर घ्या. एक माणूस एकदाच खोकलतो, पण रातभर कोणी ना कोणी खोकलतच राहते."

हॉलंडमध्ये त्यांनी या लाटेवरून आपल्या शेजारच्या दीर्घिका पाहिल्या होत्या. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावं, आपली आकाशगंगा हे त्यांतलंच एक. जवळच्या गावांना ते "शेजारी" म्हणत, आणि असं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, मधे फक्त एक भिंत आहे.

या शेजाऱ्यांचं प्रकरण मला खऱ्या अर्थानं समजलं ते त्यांच्या आईच्या चुलीपुढं. सरांचं गाव रोहिणखेडच्या अलीकडं, फाट्यावरून आत. नाव सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे ते गावाला आवडेलच असं नाही. सर शनिवारी गावी जायचे आणि एकदा मला घेऊन गेले. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं, टेकडीच्या कुशीत बौद्ध वस्ती. तिथल्या एका घरात अनसूयामाय भाकरी थापत होत्या.

"हा काय करत होता तिकडं, तुम्हाले माहीत हाये का, बापू?" त्यांनी मला विचारलं. "मले तं सांगत नाई."

"सांगतलं तं होतं, माय," सर म्हणाले. "हे पाह्य. शेजारच्या घरातून भाकरीचा वास येऊन राह्यला. म्हणजे तिथं नवे तारे बनून राह्यले. मी म्हणतो, त्यायच्या कणगीत ज्वारी किती हाये, ते पाहू. ज्वारी म्हणजे तो हायड्रोजन. त्याचेच तारे बनतात. तं ज्या हिशेबानं भाकरी थापून राह्यले, त्या हिशेबानं कणगी कवाच रिती व्हाले पायजे होती. पण कणगी भरेलच!"

मायनं भाकर तव्यावर टाकली. "मागल्या दारानं कोणी टाकून जात असन."

"तेच तं! आमच्या तिकडच्या साहेबाचंही तेच म्हणणं हाये. पण कोण टाकते? कुठून आणते?"

"लोकाच्या कणगीत डोकावाले इतक्या लांब गेला व्हय रे तू?" माय म्हणाल्या. "अन् मी इथं शेजाऱ्यापाजाऱ्याले सांगून राह्यली, माह्या पोरगा शिकून राह्यला म्हणून!"

सर खो खो हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले ते मी विसरलो नाही. "मराठीवाले, मी आलो कारण माय एकटी होती. पण येताना शेजारी तसेच उघडे टाकून आलो. कोण मागल्या दारानं येते, ते पाह्याचं राहूनच गेलं."

म्हणजे या माणसाला आयुष्यात एवढंच हवं होतं. ते दार पाहायचं होतं. आणि त्याची तजवीज त्यांनी केलेलीही होती. त्या दोन ट्रंकांमध्ये होतं वीतभर लाट पकडणारं यंत्र, तिकडच्या वेधशाळेनं विश्वासानं उसनं दिलेलं. त्याला जोडायला आभाळाकडे तोंड करणारं काहीतरी हवं होतं. शेजारी दिसायचे तर खळ्याएवढी लोखंडी जाळीची परात हवी. तेवढी ऐपत कोणाची? तेव्हा आधी घरातल्या घरात चालेल असं एक नरसाळं करायचं आणि आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन पकडून दाखवायचा. विद्यापीठ तज्ज्ञ पाठवणार होतं. नरसाळ्यानं काही पकडलं तर परातीची शिफारस होईल. नाही पकडलं तर ट्रंका परत हॉलंडला.

नरसाळं गावच्या सुताराकडून करून घेतलं. लाकडाच्या चौकटीला आतून रॉकेलचे डबे कापून, सपाट ठोकून लावले. एका टोकाला ओंजळीएवढं, दुसऱ्या टोकाला बैल आत शिरेल एवढं. गावात सरांना सुखदेव म्हणत. सुतार म्हणाला, "नरसाळं तं झालं, सुखदेवभाऊ. पण ओतायचं काय याच्यातून?"

"आभाळ."

"मग बुड मोठं ठेवाले पायजे होतं."

ते उभं केलं वस्तीच्या मागं, सरांच्या जमिनीच्या तुकड्यात. सर ट्रान्झिस्टर घेऊन सगळा गाव फिरले होते. मारुतीच्या पारावर खरखरीत तडतड, चावडीवर तडतड, पाटलांच्या वाड्यापाशी तर लाह्यांची भट्टीच. सगळ्यात स्वच्छ खरखर वस्तीच्या मागं, कारण मधे टेकडी. मला ते म्हणाले, "गावानं आमाले जिथं टाकलं, तिथंच आभाळ सगळ्यात साफ ऐकू येते. आता बोला!" आणि पुन्हा तेच हसणं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गावाला वीज येणार असं त्या काळात ठरत होतं. खांब मारुतीपर्यंत येणार होते, ओढ्यापलीकडं नाही. आणि वस्तीला वीज मिळावी म्हणून कचेरीचे उंबरे कोण झिजवत होतं, तर हेच आमचे सर. मी एकदा म्हटलंही, "सर, वीज आली की तारा आल्या, मोटारी आल्या, ठिणग्या आल्या. मग तुमच्या नरसाळ्याचं काय?"

"सरकारी खांब हायेत, मराठीवाले. ते यायच्या आधी परात येऊन, शेजारी पाहून, मी पेन्शनीत निघतो."

तज्ज्ञांना बोलवायचं तर दिवस असा हवा की गावात एकही ठिणगी उडणार नाही. सरांनी पोळा निवडला. पोळ्याला कोणी काम काढत नाही, शेतावर कोणी जात नाही. तरी पाटलांची जीप होती, कंपाउंडरची फटफटी होती, पिठाच्या चक्कीचं रॉकेलवरचं इंजिन होतं. त्यासाठी गावाला विचारणं आलं. आणि विचारणं सोपं नव्हतं. एके काळी पोळ्याला डफडं वाजवायचं काम वस्तीचं असे. धर्मांतरानंतर वस्तीनं डफडं वाजवणं बंद केलं आणि गावानं वस्तीकडं पाहणं बंद केलं. भांडण नव्हतं. नुसती दोन्हीकडून पाठ होती.

पाराखाली उभं राहून सर म्हणाले, "आबा, एक मागणं हाये." पारावर आबाजी पाटील, भोवती गाव. पाटलांचा चेहरा सावध झाला. जमीन मागतो की विहीर? "पोळ्याच्या दिवशी तुमची जीप चालू करू नका. फटफटी नको, चक्की नको. कुठंच ठिणगी नको."

गाव बुचकळ्यात पडलं. एकानं विचारलं, "अन् माह्या डिझेलचं इंजिन?"

"ते चालते. त्याले ठिणगी लागत नाई."

"चूल?"

"पेटवा."

"बिडी?"

"ओढा. तब्येतीले चांगली नाई, ते अलग."

मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, माह्या सासूचं काय करू? ते तं दिवसभर ठिणग्याच उडवते." हशा पिकला. पाटील हसले नाहीत.

"याच्यात गावाले काय भेटन?" त्यांनी विचारलं.

"काई नाई," सर म्हणाले.

मला वाटतं, त्या उत्तरानंच काम झालं. आजवर पाराखाली उभा राहून जो तो गावाचं भलं करायलाच आलेला असायचा. आबाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "गाव ठिणगी उडवणार नाई. जाय."

पोळ्याच्या दिवशी तज्ज्ञांना आणायला मी फाट्यावर गेलो. पुण्याकडचे वयस्क, गोरेपान, सज्जन गृहस्थ, बुटांना पॉलिश. सोबत पाटलांचा गडी शेषराव. त्यानं जीप फाट्यावरच अडवली.

"अहो, पण गावात कसं जायचं मग?" तज्ज्ञमहाशयांनी विचारलं.

"पायी."

"एखादी बैलगाडी तरी बघा ना."

शेषरावनं कानाला हात लावले. "साहेब, आज बैल देव हाये. देवाले कोणी जुपते का?"

"मग माझी जीप?"

"तिच्यात ठिणगी हाये."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात काई नाई, साहेब. चला."

भाद्रपदाच्या तोंडावरचा काळ्या मातीचा चिखल ज्यांनी पाहिला नाही, त्यांना त्या चालण्याची कल्पना यायची नाही. पावलागणिक बूट जड होत गेला. वस्तीशी पोचलो तेव्हा तज्ज्ञमहाशय उंचीनं चांगले चार बोटं वाढले होते. आणि समोर पाहून आम्ही दोघं थांबलो.

नरसाळं सजलं होतं! पोळ्याला राबणाऱ्याचा मान करायचा असतो. गावानं ठरवलं, सुखदेवचं हे धूड पण राबतंच आहे. चौकटीला हिंगूळ लावला होता, कडेनं आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आणि नरसाळ्याच्या अख्ख्या तोंडावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चमचमत्या बेगडाचं मखर ताणून बसवलं होतं. पाटलांच्या मानाच्या बैलाला घालायचं ते मखर, मोठं करून. आबाजींनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं. सगळं गाव ओढा ओलांडून आलं होतं, बैलांसकट. बाया, पोरं, झुली, घुंगरं. वस्तीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती, काय करावं ते न कळून. पोळा वस्तीत आलेला कोणीच पाहिला नव्हता.

सर माझ्याजवळ आले. चेहरा शांत, आवाज अगदी खाली. "मराठीवाले, बेगड म्हणजे पत्रा. याच्या आत आता काई जाणार नाई. झाकण बसलं."

"काढून टाका मग."

"कोणी लावलं, पाह्यलं ना?"

पाहिलं होतं. पाटील नरसाळ्याशेजारी उभे होते, फेट्यात, स्वतःच्या कामावर खूश. इकडे तज्ज्ञमहाशय काडीनं बुटाचा चिखल खरवडत घड्याळाकडे बघत होते. आग्नेयेला आकाशगंगा वर आली होती. दिसत नव्हती, पण आली होती. ते मखर फाडलं तर गाव ओढ्यापलीकडं जे गेलं असतं ते पुन्हा आलं नसतं. न फाडावं तर कागदावर उमटणार होती एक सरळ रेघ, आणि तिच्या शेवटी ट्रंका हॉलंडला.

सरांनी मोजे वर ओढले. विचार करताना ते नेहमी मोजे वर ओढायचे. मग ट्रकच्या बॅटऱ्यांना यंत्र जोडलं, कागदावर पेन टेकवलं, आणि तज्ज्ञांना मोठ्यानं म्हणाले, "साहेब, आधी झाकेल तोंडानं पाहू. यंत्र खोटं बोलते का, ते समजन."

पेन सरकू लागलं. यंत्र हळूहळू लाटांची एक एक लांबी चाचपत होतं. रेघ सरळ, दोरी ताणल्यासारखी. "ठीक," तज्ज्ञमहाशय म्हणाले, "आणि आता?"

सर पाटलांकडे वळले. "आबा, तोरण तोडायचा मान कोणाचा?"

"म्हणजे? आमचा."

"मग तोडा. तुमच्या हातानं. त्याच्याबिगर पोळा फुटत नाई, अन् आमचं दार उघडत नाई."

आबाजींची छाती वीतभर फुगली. काठी घेतली, गाव "हो ऽऽऽ" करून ओरडलं, तोरण तुटलं, मखर टर्रकन उतरलं. पोळा फुटला. बैल उधळले, पोरं उधळली, घुंगरांचा कल्लोळ झाला. त्या कल्लोळात तीनच माणसं आणि एक पाटील कागदावर वाकले होते.

रेघ आली. सरळ आली. आणखी सरळ. मग हलकेच वर उचलली गेली, चढली, माथ्यावर जरा थबकली, आणि गोल होऊन उतरली.

आबाजी कितीतरी वेळ बघत राहिले. "हे तं वशिंड हाये," ते म्हणाले. आणि मागं वळून गावाला ओरडून सांगितलं, "आलं रे! आभाळाचं वशिंड आलं!"

सरांनी वशिंडावर आपली वीत ठेवली, नुसती ठेवली, आणि उचलली.

मायच्या अंगणात पुरणपोळ्या झाल्या. पाटील जेवले. वस्तीतल्या अंगणात पाटील जेवल्याची ती पहिलीच वेळ, हे सगळ्यांना माहीत होतं. तज्ज्ञमहाशय तुपाच्या वाटीवर प्रसन्न होते. "हिवाळे, परातीची शिफारस मी करतो. जागा सोन्यासारखी आहे. अट एकच. या वस्तीच्या आसपास विजेची तार येता कामा नये. आहे तसंच ठेवायचं सगळं."

"तार?" पाटील म्हणाले. "अहो साहेब, काल तं कचेरीतून निरोप आला. सुखदेवचा अर्ज मंजूर झाला. वस्तीवरूनच लाइन येऊन राह्यली." मग त्यांना जेवणाच्या पंगतीत काय घडलं ते उमगलं. चांगला माणूस होता तो. लगेच म्हणाला, "सुखदेवा, काळजी करू नको. मी कचेरीत सांगतो. खांब तिकडच थांबवू. तुह्या परातीचं होऊ दे. वस्तीले मागून देऊ."

सगळी पंगत सरांकडे बघत होती. दारात वस्तीतल्या बाया उभ्या होत्या, त्याही. सरांच्या पानात पोळीचा अर्धा तुकडा होता. त्यांनी तो दुधात बुडवला, खाल्ला, हात धुतला.

"मागून, मागून करत तं इथवर आलो, आबा," ते म्हणाले. "लाइन येऊ द्या."

"नीट विचार करा, हिवाळे," तज्ज्ञमहाशय कळवळून म्हणाले. "अशी जागा..."

"साहेब, जागा चांगली हाये म्हणूनच तं लोक राहून राह्यले."

मायनं तज्ज्ञांच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

ट्रंका पावसाळा संपताच परत गेल्या. यंत्र मायच्या दोन गोधड्यांत गुंडाळून पाठवलं. तिकडच्या वेधशाळेतून गोधड्यांबद्दल वेगळे आभार आले म्हणे. कॉलेजात काहीच बदललं नाही. सर प्रकाशाचे नियम शिकवत राहिले आणि दिवेलागणीला झोपत राहिले. मोठी दुर्बीण पुढं दुसरीकडे कुठंतरी झाली. त्याबद्दल वर्तमानपत्रात आलेलं मी त्यांना दाखवलं, तर ते वाचून म्हणाले, "छान परात हाये," आणि चहा मागवला.

वस्तीत वीज आली त्या संध्याकाळी त्यांनी मला गावी नेलं. घरामागं गेलो तर नरसाळं उलटं करून ठेवलेलं. आत पत्रा असल्यामुळे उंदीर शिरत नव्हते. मायनं त्यात आपल्या शेतातली ज्वारी भरली होती. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शेवटी कणगीच झाली पाह्य त्याची."

"आणि शेजारी?" मी न राहवून विचारलं. "ते मागचं दार?"

"कोणीतरी पाहीन. मीच पाह्यलं पायजे असं थोडी हाये?" असं म्हणून त्यांनी मोजे वर ओढले.

आम्ही आत आलो. सर बाजेवर बसले. पुढ्यात ट्रान्झिस्टर, काटा दोन स्टेशनांच्या मधे, तीच जुनी स्वच्छ खरखर. माय भिंतीवरच्या काळ्या बटणापुढं उभ्या होत्या, पदराला हात पुसत, देवळात शिरताना माणूस थांबतं तशा.

"दाब ना, माय."

मायनं बटण दाबलं. खरखरीत एकच टक्कन आवाज झाला. सरांचं बोट सवयीनं वर गेलं. "ही आपल्या घरची," ते म्हणाले.

पिवळा उजेड भिंतीवरून खाली उतरला. मायनं आधी बल्बकडे पाहिलं, मग आपल्या तळहातांकडे. बाहेरून शेजारच्या घरांतून एकामागून एक टक्, टक् आवाज ट्रान्झिस्टरमध्ये येत होते. मग आणखी कसली तरी सलग गुणगुण सुरू झाली, आणि खरखर त्या गुणगुणीखाली बुडाली. सरांनी कान लावून ती थोडा वेळ ऐकली. मग मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. काट्याचं बटण धरलं आणि हळूच फिरवलं. कोणीतरी बाई कापसाचे भाव सांगत होत्या.

माय वळल्या. बल्बच्या उजेडात त्यांचा चेहरा फुलला होता.

"सुखदेवा, झाला व्हय दुरुस्त तुह्या रेडू?"

"हाव, माय," सर म्हणाले. "झाला."